फॉर्ममधल्या त्या रकान्यात काय लिहू?

प्रश्न: मी 31 वर्षांची, पुण्यात आयटी सपोर्टमध्ये नोकरी करते. सहा वर्षांपूर्वी मला बायपोलर (मनःस्थितीत टोकाचे चढउतार होण्याचा आजार) असल्याचं निदान झालं. रोज रात्री लिथियम घेते, झोप बिघडली तर डॉक्टरांनी दिलेली क्लोनाझेपामची अर्धी गोळी. गेली साडेतीन वर्षं मी पूर्ण ठीक आहे. सध्याच्या ऑफिसात एका मैत्रिणीला विश्वासाने सांगितलं होतं. ते टीम लीडपर्यंत गेलं आणि 'तुला ताण नको' असं म्हणत क्लायंटबरोबरचं काम माझ्याकडून काढून घेतलं गेलं. आता एका अमेरिकी कंपनीच्या पुण्यातल्या ऑफिसची ऑफर आली आहे. रुजू होण्याआधी मेडिकल आहे आणि त्याच्या फॉर्ममध्ये रकाना आहे: 'मानसिक आजारासाठी पूर्वी किंवा सध्या उपचार घेतले आहेत का? होय / नाही.' दादा म्हणतो, डोळे मिटून 'नाही' लिही. नवरा म्हणतो, सगळं सांगून मोकळी हो. शिफ्ट फिरती आहे, त्यात रात्रपाळीही येते, आणि जागरण मला अजिबात झेपत नाही. फॉर्म आठ दिवसांत द्यायचा आहे. काय करू?

उत्तर: सगळ्यात तातडीची गोष्ट तुमच्या पत्रात नाही. सध्याच्या नोकरीचा राजीनामा दिलात का? दिला नसेल, तर मेडिकलमध्ये पास झाल्याचं लेखी हातात येईपर्यंत देऊ नका. ऑफर लेटर पुन्हा एकदा वाचा. बहुतेक पत्रांत 'वैद्यकीय तपासणी व पार्श्वभूमी पडताळणी समाधानकारक झाल्यास' अशी अट असते, म्हणजे ऑफर अजून पक्की झालेली नसते. नोटीस पीरियड उशिरा सुरू झाला म्हणून रुजू व्हायची तारीख चार आठवडे पुढे गेली तरी चालेल. तारीख पुढे ढकलून मागणं ही एचआरसाठी रोजची बाब आहे. पण तेलही गेलं नि तूपही गेलं, अशी वेळ यायला नको.

आता 'होय' की 'नाही'. तुमच्या दादांना वाटणारी भीती खोटी नाही. एकदा पोळल्यावर कुणीही तेच सांगेल. शिवाय 'नाही' लिहिणाऱ्या पुष्कळ लोकांचं पुढे काहीच बिघडत नाही, हेही खरं. बिघडतं ते दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी. समजा, तुम्हाला तीन आठवड्यांची रजा घ्यावी लागली आणि सोबत मनोविकारतज्ज्ञांचं सर्टिफिकेट जोडावं लागलं. एचआर जुनी फाइल उघडतं, त्यात तुमच्या सहीचा 'नाही' असतो. नेमणूक पत्रात 'दिलेली माहिती खोटी आढळल्यास सेवा तत्काळ समाप्त' हे कलम जवळजवळ नेहमी असतं. त्या क्षणापासून वाद तुमच्या आजाराचा राहत नाही, तो खोट्या माहितीचा होतो. आजारी माणसाला कायद्याचं संरक्षण आहे, सही करून दिलेल्या खोट्या उत्तराला नाही. म्हणून थेट, लेखी विचारलेल्या प्रश्नाला 'नाही' लिहू नका.

पण तुमचे पती म्हणतात तसं सगळं सांगून मोकळं व्हायचीही गरज नाही. आजाराचं नाव, तो कधी सुरू झाला, किती वेळा ॲडमिट होतात, कोणती गोळी किती मिलिग्रॅम, यातलं काहीही तुमच्या मॅनेजरला कळायची गरज नाही. मॅनेजरला एवढंच कळावं लागतं की तुम्ही काम करू शकता आणि त्यासाठी एक-दोन गोष्टी लागतात. आमचा सल्ला या एका फरकावर उभा आहे: निदान डॉक्टरांपुरतं ठेवा, गरज ऑफिसला सांगा.

फॉर्म भरण्याआधी त्यातला प्रश्न शब्द न् शब्द वाचा. काही कंपन्या विचारतात, 'कामात अडथळा येईल असा कोणता आजार सध्या आहे का?' साडेतीन वर्षं स्थिर असलेली, नेमाने औषध घेणारी व्यक्ती तिथे डॉक्टरांशी बोलून 'नाही' लिहू शकते आणि ते खरंच असतं. तुमच्या फॉर्मचा प्रश्न तसा नाही. तो उपचारांबद्दलच विचारतो. म्हणून एचआरला दोन ओळींचा मेल पाठवा: हा फॉर्म कोण वाचतं, तो कुठे ठेवला जातो, आणि वैद्यकीय तपशील थेट तपासणाऱ्या डॉक्टरांकडे दिला तर चालेल का? कारण देऊ नका. खासगी माहितीबद्दल कुणीही हे विचारू शकतं. बऱ्याच कंपन्या तपासणी बाहेरच्या डायग्नोस्टिक सेंटरकडून करून घेतात आणि एचआरकडे फक्त 'फिट', 'मर्यादांसह फिट' किंवा 'अनफिट' एवढाच शेरा जातो. तसं असेल तर 'होय'वर खूण करा आणि बाकीचं डॉक्टरांना समोरासमोर सांगा.

फॉर्म एचआरकडेच जाणार असेल, तर 'होय'वर खूण करून पुढे लिहा: 'प्रकृती स्थिर, नियमित देखरेखीखाली. कामास योग्य असल्याचं प्रमाणपत्र जोडलं आहे. अधिक तपशील कंपनीच्या डॉक्टरांना देईन.' ऑनलाइन फॉर्ममध्ये लिहायला जागाच नसेल, तर तेच वाक्य मेलने पाठवा म्हणजे तारखेसह नोंद राहील. भरलेल्या फॉर्मचा फोटो किंवा स्क्रीनशॉट स्वतःकडे ठेवायला विसरू नका.

यामुळे ऑफर मागे घेतली जाऊ शकते का? जाऊ शकते, आणि खरं कारण कुणी कागदावर लिहून देत नाही. हा धोका आम्ही लहान करून सांगणार नाही. पण तो राजीनाम्याआधी समोर आला तर तुमची आजची नोकरी हातात असते. 'नाही' लिहून तोच धोका दोन वर्षं पुढे ढकलला, तर तेव्हा हातात काहीच नसतं.

आता प्रमाणपत्र. यात गडबड हमखास होते ती लेटरहेडवर. मजकुरात आजाराचं नाव नसतं, पण वर 'एमडी, मनोविकारशास्त्र' ठळक छापलेलं असतं आणि क्लिनिकच्या नावातच सगळं आलेलं असतं. तुमचे डॉक्टर एखाद्या मोठ्या हॉस्पिटलमध्येही बसत असतील, तर त्या हॉस्पिटलच्या लेटरहेडवर प्रमाणपत्र मागा. ते शक्य नसेल, तर तुमच्या फॅमिली डॉक्टरांना मनोविकारतज्ज्ञांचं पत्र दाखवा आणि कामास योग्य असल्याचं प्रमाणपत्र फॅमिली डॉक्टरांकडून घ्या. एमबीबीएस डॉक्टरांनी दिलेलं फिटनेस प्रमाणपत्र बहुतेक कंपन्यांना चालतं. मजकूर साधारण असा हवा: 'सदर व्यक्ती माझ्या देखरेखीखाली असून त्यांची प्रकृती स्थिर आहे. त्या पूर्णवेळ कामास योग्य आहेत. वैद्यकीय कारणास्तव त्यांना रात्री अकरानंतर संपणारी अथवा दर आठवड्याला बदलणारी पाळी देऊ नये.' 'शक्य असल्यास' किंवा 'ताण टाळावा' असे शब्द त्यात नकोत. 'ताण टाळावा' या दोन शब्दांच्या आधारे तुम्हाला कुठल्याही जबाबदारीपासून दूर ठेवता येतं. तुमचं क्लायंटचं काम याच भाषेत गेलं होतं.

मेडिकलच्या दिवसाबद्दल काही गोष्टी. काही ठिकाणी लघवीतून अमली पदार्थांची चाचणी होते आणि क्लोनाझेपाम ज्या गटातलं आहे, त्या गटातली औषधं तिच्यात दिसू शकतात. चालू प्रिस्क्रिप्शन बरोबर न्या आणि नमुना देण्याआधी तिथल्या डॉक्टरांना दाखवा. निकाल आल्यावर खुलासा करत बसणं फार अवघड जातं. लिथियम या चाचणीत दिसत नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही ते वेगळं मागितल्याशिवाय मोजत नाहीत. मात्र लिथियममुळे थायरॉइडचा टीएसएच वाढलेला असू शकतो, हात किंचित थरथरू शकतो. डॉक्टरांचं लक्ष गेलं तर विचारतील, म्हणून गेल्या सहा महिन्यांतले थायरॉइड आणि क्रिएटिनिनचे (मूत्रपिंडाच्या तपासणीचे) रिपोर्ट जवळ असू द्या. नियमित तपासण्या करणारी पेशंट पाहिली की डॉक्टरांचा विश्वास बसतो. तपासणीसाठी उपाशी राहायला सांगितलं तरी पाणी पीत राहा, कारण शरीरातलं पाणी कमी झालं की रक्तातलं लिथियम वाढतं. आणि त्या दिवसासाठी म्हणून रात्रीची गोळी टाळायचा विचारही करू नका.

कंपनीच्या डॉक्टरांना औषधाचं नाव सांगावं, असं आम्ही आग्रहाने म्हणतो. ऑफिसच्या मेडिकल रूममध्ये डोकं दुखतंय म्हटलं की आयबुप्रोफेन असलेली गोळी सहज हातावर ठेवतात. आयबुप्रोफेन आणि डायक्लोफेनॅक यांसारख्या वेदनाशामकांनी लिथियमची पातळी धोकादायक वाढू शकते. तुम्हाला पॅरासिटामॉल मागायला हवं आणि देणाऱ्यालाही ते ठाऊक हवं. डॉक्टरांना सांगितलेलं त्यांनी एचआरला सांगायचं नसतं. रुग्णाची माहिती गुप्त ठेवणं हे डॉक्टरांचं कर्तव्यच आहे आणि 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 23 ने मानसिक आजाराची माहिती गुप्त राहण्याचा हक्क तुम्हाला स्पष्ट शब्दांत दिला आहे. हे बंधन डॉक्टर आणि उपचार करणाऱ्यांवर आहे. एचआर अधिकारी, टीम लीड, कँटीनमधली मैत्रीण यांच्यावर या कलमाचं बंधन नाही. म्हणूनच कुणाला काय सांगायचं, याला इतकं महत्त्व आहे.

तुमच्या बाबतीत फॉर्मपेक्षा मोठा प्रश्न शिफ्टचा आहे. बायपोलरमध्ये झोप मोडणं हा त्रासाचा परिणाम असतो तसं कारणही असतं. सलग दोन-तीन रात्री जागरण झालं की उन्मादाचा (अतिउत्साहाच्या टोकाचा) एपिसोड सुरू होऊ शकतो. फिरत्या पाळ्यांत शरीराचं घड्याळ बसायला लागतं न लागतं तोच पाळी बदलते. लिथियम रोज एका ठरावीक वेळी घ्यायचं असतं, तेही पाळीगणिक मागेपुढे होतं. पगार कितीही चांगला असला, तरी या अटीवर तुम्ही तडजोड करू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रात्रपाळी टळणारच नसेल, तर ही ऑफर सोडा.

पण ती टाळायला आजाराचा उल्लेखही लागणार नाही, अशी शक्यता आहे. महाराष्ट्राच्या दुकाने व आस्थापना कायद्यानुसार रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलेला कामावर बोलवायचं, तर तिची संमती लागते. घरी सोडण्यासह सुरक्षेची व्यवस्थाही कंपनीने करायची असते. गोम अशी आहे की हे संमतीपत्र बहुतेक वेळा रुजू होण्याच्या दिवशीच्या जाडजूड गठ्ठ्यात असतं आणि इतर पंधरा कागदांबरोबर त्यावरही सही होऊन जाते. तो गठ्ठा आधी मेलवर मागून घ्या, रात्रपाळीचं संमतीपत्र शोधा आणि सही करू नका. नेमणूक पत्रात 'कोणत्याही पाळीत काम करावे लागेल' हे वाक्य असेल, तर ते बदलून घेतल्याशिवाय स्वीकारलं म्हणून कळवू नका. एकदा सही झाली की पुढे 'तुम्हाला आधीच सांगितलं होतं' हे उत्तर तयार असतं.

हे बोलणं रुजू होण्याआधीच करायचं, कारण त्या वेळी कंपनीला तुम्ही हव्या असता. प्रोबेशनमध्ये तुम्हाला काढणं सगळ्यात सोपं असतं. त्या सहा महिन्यांत नव्या सवलती मागायची पाळी येऊ नये, म्हणून मोठी गरज आत्ताच कागदावर आणा. एचआरला पाठवायचा मेल छोटा ठेवा. ऑफिसात तो इंग्रजीतून जाईल, पण आशय एवढाच:

'ऑफरबद्दल आभार. पदाचं काम मला पूर्णपणे मान्य आहे. मी ठरावीक दिवसपाळीत किंवा दुपारच्या पाळीत, रात्री अकरापर्यंत काम करू शकेन. रात्री अकरानंतरच्या कामासाठी माझी संमती नाही. नेमणूक पत्रात तशी दुरुस्ती करून पाठवावी.'

यात 'दुर्दैवाने' नाही, 'वैयक्तिक अडचणीमुळे' नाही, माफीही नाही. त्यांनी वैद्यकीय कारणाचा कागद मागितला, तरच वरचं प्रमाणपत्र द्या. पुढची छोटी गरज रुजू झाल्यावर, पहिल्या महिन्यात तोंडी सांगितली तरी चालते: दर तीन महिन्यांनी एका सकाळी दोन तास उशिरा येणं. लिथियमची पातळी शेवटच्या गोळीनंतर 12 तासांनी मोजायची असते. रात्री दहाला गोळी घेत असाल तर रक्त सकाळी दहाला द्यावं लागेल. 'रक्ततपासणी आहे, साडेअकरापर्यंत येते' एवढं पुरतं.

मॅनेजर चांगला असला तरी विचारणारच, 'म्हणजे नक्की काय झालंय?' हा प्रश्न बहुधा काळजीपोटी येतो आणि तिथेच लोकांची जीभ घसरते. आपण गप्प राहिलो तर उद्धट दिसू, असं वाटून एक वाक्य बोलतो, मग ते समजावायला दुसरं, आणि पाच मिनिटांत ॲडमिट झालेली तारीखसुद्धा सांगून होते. उत्तर आधीच तयार ठेवा आणि आरशासमोर चार वेळा मोठ्याने म्हणा: 'जुना त्रास आहे, औषधाने ताब्यात आहे. झोपेची वेळ सांभाळली की कामात काही फरक पडत नाही.' पुन्हा विचारलं तर: 'डॉक्टरांचा कागद दिलाय सर, त्यापलीकडे काही नाही. परवाच्या रिलीजबद्दल विचारायचं होतं.' विषय कामावर आणला की बहुतेक जण पुढे खोदत नाहीत. बोलणं झालं की त्याच दिवशी दोन ओळींचा मेल टाका, 'आज ठरल्याप्रमाणे माझी पाळी अमुक ते अमुक राहील.' मॅनेजर बदलतात. तोंडी ठरलेलं त्यांच्याबरोबर निघून जातं.

कायद्याकडून काय अपेक्षा ठेवायची, हेही नीट सांगायला हवं. या बाबतीत दोन्ही टोकांचे गैरसमज आढळतात. 2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात दिव्यांगत्वाचे 21 प्रकार आहेत आणि त्यात मानसिक आजार आहे. भेदभावाला मनाई आहे, आणि 'वाजवी सोयी' (काम करता यावं म्हणून लागणारे रास्त बदल) नाकारणं हासुद्धा त्या कायद्याच्या व्याख्येत भेदभावच आहे. प्रत्येक आस्थापनेने समान संधी धोरण जाहीर करायचं असतं. 20 किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या खासगी कंपनीने त्यात दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठीच्या सोयी लिहायच्या असतात आणि एक संपर्क अधिकारीही नेमायचा असतो. नव्या कंपनीच्या वेबसाइटवर हे धोरण शोधा. ते सापडलं आणि त्यात मानसिक आजाराचा उल्लेख असला, तर तुमचं काम बरंच सोपं होईल. पाळीची मागणी त्याच धोरणाचा हवाला देऊन करता येईल. दुसरी बाजू अशी की नोकरीत असताना दिव्यांगत्व आलं म्हणून काढता येणार नाही किंवा पदावनत करता येणार नाही, हे ठोस संरक्षण कायद्याने सरकारी आस्थापनांपुरतं दिलं आहे. खासगी नोकरीत ते त्याच ताकदीने मिळेल असं धरून चालू नका.

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2021 मध्ये रविंदर कुमार धारीवाल यांच्या प्रकरणात महत्त्वाचा निकाल दिला. ते केंद्रीय राखीव पोलीस दलातले अधिकारी. वर्तणुकीवरून सुरू झालेल्या शिस्तभंगाच्या कारवाईला त्यांनी आव्हान दिलं होतं. न्यायालयाने म्हटलं की त्या वर्तणुकीमागच्या कारणांपैकी मानसिक आजार हे एक कारण असलं, तरी अशी कारवाई अप्रत्यक्ष भेदभाव ठरते. आजार हेच एकमेव कारण होतं असं सिद्ध करावं लागत नाही. नोकरी सरकारी होती, पण पुढे कधी तुमच्यावर कारवाईची वेळ आली, तर तुमच्या वकिलांना हा निकाल माहीत असायला हवा. महाराष्ट्रात तक्रारीसाठी राज्याचे दिव्यांग आयुक्त आहेत, त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे. तिथे उपयोगी पडतात ते कागद. अमुक तारखेला, अमुक वाजता, कोण काय म्हणालं याची वही घरी ठेवा, ऑफिसच्या लॅपटॉपवर नको. पगाराच्या पावत्या आणि वार्षिक मूल्यमापन वेळच्या वेळी स्वतःकडे उतरवून घ्या.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र घ्यावं का, हा पुढचा प्रश्न तुमच्या मनात येईल. मानसिक आजारात ते स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, संवाद व समज आणि काम या चार बाबींवर गुण देऊन, शिवाय आजार किती काळचा आहे हे पाहून ठरतं. आरक्षण आणि बहुतेक सवलती 40 टक्के दिव्यांगत्वापासून सुरू होतात. तुमच्यासारख्या, नोकरी नीट सांभाळणाऱ्या व्यक्तीला त्याहून कमी टक्के मिळण्याची शक्यता मोठी आहे. खासगी नोकरीतल्या पाळीसाठी त्याची धावपळ आत्ता करू नका. सरकारी भरतीचा विचार असेल, तर मात्र जरूर करा.

मूळ कंपनी अमेरिकी आहे म्हणून तिथला कायदा तुम्हाला मिळेल, असं मात्र धरू नका. अमेरिकेत नोकरीची सशर्त ऑफर देण्याआधी आजाराबद्दल विचारता येत नाही आणि वैद्यकीय माहिती वेगळ्या, बंद फाइलमध्ये ठेवावी लागते. ब्रिटनमध्येही 2010 च्या समानता कायद्याने ऑफरआधी तब्येतीचे प्रश्न विचारायला अगदी मोजके अपवाद सोडले तर बंदी आहे. तिथे नोकरी करणाऱ्या मराठी वाचकांनी हे लक्षात ठेवावं. भारतात काम करणाऱ्या भारतीय नागरिकाला भारताचाच कायदा. फक्त एवढं होतं की अशा कंपन्यांची जागतिक धोरणं लेखी असतात, आणि कंपनीचं स्वतःचं लेखी धोरण दाखवलं की इथलं एचआर ऐकतं.

विम्याचं थोडक्यात. 2017 च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याने मानसिक आजाराच्या उपचारांना शारीरिक आजारांप्रमाणेच विमा द्यायला सांगितलं आहे आणि विमा नियामकाने ऑगस्ट 2018 मध्ये कंपन्यांना तसं कळवलं. नव्या कंपनीची ग्रुप पॉलिसी मागून पाहा: आधीपासूनचे आजार पहिल्या दिवसापासून धरले आहेत का, आणि मानसिक आजारासाठी वेगळी, कमी मर्यादा लिहिली आहे का. क्लेम करायची वेळ आली तर विमा कंपनीच्या पोर्टलवरून करा. कागद एचआरच्या टेबलावरून पाठवू नका. स्वतःची टर्म पॉलिसी (आयुर्विमा) घेताना मात्र आजार आणि औषधं पूर्ण, खरी लिहा. तिथे अर्धवट उत्तर चालत नाही.

सध्याच्या ऑफिसबद्दल. 'तुला ताण नको' म्हणत काम काढून घेणं हा भेदभावच आहे, भाषा कितीही मायेची असो. तुम्हाला न विचारता, डॉक्टरांचं मत न घेता तुमच्या क्षमतेचा निर्णय दुसऱ्याने केला. त्याचा राग येणं साहजिक आहे. तरी निघताना एक्झिट इंटरव्ह्यूमध्ये तो विषय काढू नका. ती नोंद त्यांच्या सिस्टिममध्ये राहते आणि नवी कंपनी पडताळणीसाठी याच ऑफिसला फोन करणार आहे. रिलीव्हिंग लेटर आणि अनुभवाचं पत्र हातात घ्या. काढून घेतलेल्या क्लायंटच्या कामाचा काळ आणि त्यातली तुमची कामगिरी आधीच्या मूल्यमापनात असेल, तर त्याची प्रत बरोबर असू द्या.

नव्या ऑफिसात प्रोबेशन संपेपर्यंत सहकाऱ्यांना काही सांगू नका. त्यानंतरही, एखाद्याला सांगावंसं वाटलं तर स्वतःला विचारा की यातून मला नेमकं काय हवंय. मन मोकळं करायचं असेल तर ऑफिसबाहेरची माणसं बघा, किंवा टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा नंबर आहे. तिथे मराठीतून, चोवीस तास, फुकट बोलता येतं. ऑफिसात सांगायचं कारण एकच: तुमच्यातला बदल लवकर ओळखून सावध करणारं कुणीतरी जवळ हवं. तशी व्यक्ती निवडलीत तर तिला आजाराचं नाव सांगण्याआधी लक्षणं सांगा. रात्री तीनला मेल दिसू लागले, एका बैठकीत मी सगळ्यांचं बोलणं तोडू लागले, तर मला बाजूला घेऊन सांग. आणि मी ऐकलं नाही तर घरी फोन कर.

घरची तयारी आत्ताच, ठीक असताना करून ठेवा. मानसिक आरोग्य सेवा कायद्याच्या कलम 14 प्रमाणे तुम्ही साध्या कागदावर लिहून, सही करून एखाद्या सज्ञान व्यक्तीला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमू शकता. ते पती असतील किंवा दादा. उद्या ॲडमिट व्हावं लागलं तर ऑफिसशी बोलायचं काम त्याच व्यक्तीने करायचं, आणि काय बोलायचं तेही लिहून ठेवा: 'त्या हॉस्पिटलमध्ये आहेत, डॉक्टरांनी अमुक दिवस विश्रांती सांगितली आहे, कागद पाठवतो.' आजाराचं नाव नाही, वॉर्डचं नाव नाही, आणि टीमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मेसेज तर नाहीच. फक्त मॅनेजर आणि एचआरला मेल. उन्मादाच्या सुरुवातीला राजीनामे धडाधड पाठवले जातात, म्हणून पतींना तुमचा ऑफिसचा आयडी आणि एचआरचा पत्ता माहीत असू द्या. तसा मेल गेलाच, तर त्याच दिवशी त्यांनी कळवायचं की प्रकृती बरी नसताना हा राजीनामा गेला आहे, तो स्वीकारू नये. आणि तुम्ही सावरलात की तो मागे घेतल्याचा मेल तुम्ही स्वतः पाठवायचा. स्वीकारला जाण्याआधी हे झालं तर निभावून नेता येतं. उशीर झाला की मग नेमणूक पत्रातल्या अटी बघत बसावं लागतं.